कोठीमायला लोखंड चालत नाही

"आधी घड्याळ काढा," कोकिळा म्हणाली.

फाल्गुनातला अवकाळी पाऊस कोसळत होता. काळ्या कोठीच्या ओट्यावर एक उंच तरुण डोक्यावर कापडी पिशवी धरून उभा होता, आणि दारात दोन्ही हात आडवे धरून ती.

"काय?"

"घड्याळ. पोलादी आहे ना?"

"बाई, पाऊस दिसतोय ना तुम्हाला?"

"दिसतोय. बुटांना खिळे आहेत?"

त्यानं आपल्या पायांकडं असं पाहिलं, जणू ते आत्ताच भेटले होते. "असतील. चांभाराला विचारलं नाही."

"मग तेही काढा. मागं वळा, भिंतीत कोनाडे आहेत, तिथं ठेवा. भिजत नाही आत. आणि... चष्म्याच्या काड्या कशाच्या?"

"पोलादाच्याच."

"मग तोही."

"चष्मा काढला तर मला काही दिसत नाही."

"आत पाहण्यासारखं काही नाही."

काचांवरून पाण्याचे ओघळ चालले होते आणि त्यांच्यामागून दोन डोळे तिच्याकडं अगदी गंभीरपणे पाहत होते. "ते काचा पुसल्याशिवाय कसं ठरवू?" तो म्हणाला.

कोकिळाला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तिनं त्याच्या कमरेकडं बोट दाखवलं. "पट्ट्याचं बक्कल?"

"पितळी," तो घाईनं म्हणाला. "पितळ चालत नसेल तर मी बाहेरच बरा."

आतून सोजराबाईंचा आवाज आला, "पितळ चालते वं माय. येऊ दे त्याले. पोरगं गारठून राह्यलं."

मग कोकिळानं हात खाली घेतले.

सोजराबाई कोठीमायची झाडलोट करायच्या. कोठीमाय म्हणजे दारालगतचा एक शेंदूर फासलेला गोल दगड. धारकोट गावात मारुती होता, महादेव होता, पण पोरांना खरा धाक होता तो हिचा. हिच्याकडं यायचं तर लोखंड बाहेर ठेवायचं, जोडे बाहेर ठेवायचे, विडी बाहेर विझवायची. विळा असो, किल्ली असो, केसातली पिन असो. कोकिळानंही आपल्या दोन पिना कोनाड्यात ठेवल्या होत्या. त्यामुळं तिची वेणी सैल झाली होती आणि एक बट सारखी गालावर येत होती.

कोठी गावापासून दोन शेतं लांब, उतारावर, भोवती दगडी आवार घेऊन बसलेली. चिरे असे बसवलेले, की सांध्यात सुरीचं पातं शिरू नये. निजामाच्या फौजेची चौकी इथं होती म्हणत. इंग्रज आले, फौज गेली, चौकीची घरं पडली आणि कोठी तेवढी राहिली. लोणारचं सरोवर पाहायला दूरदूरची माणसं येत. त्याच रस्त्यावरून आत फुटलेल्या धारकोटात मात्र कुणी उतरत नसे.

"तुम्ही इथल्या पुजारीण का?" डोळे बारीक करत, भिंतीला धरून बसत त्यानं विचारलं.

"मी बी.एस्सी. आहे. पदार्थविज्ञान. अमरावतीला मामांकडं राहून केलं."

"पदार्थविज्ञान... आणि तरी?"

"तरी काय?"

"तरी भिजत्या माणसाचं घड्याळ उतरवता."

"मी हे मानत नाही," ती म्हणाली. "पण मोडतही नाही. का ते कळेपर्यंत."

असं उत्तर त्याला अपेक्षित नसावं. बाहेर पावसाचा जोर वाढला होता, तरी आत त्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

"तुम्हाला चमत्कारिक नाही वाटत?" तीच पुढं म्हणाली. "जगातल्या सगळ्या देव्यांना दिवा लागतो. हिला चालत नाही. उदबत्ती नाही, कापूर नाही. नारळ फोडायचा तोही बाहेर. दिवा नको असलेली देवी तुम्ही कुठं पाहिलीय?"

"नाही."

"मीही नाही. म्हणून रोज येते."

"आमच्या उंद्रीला एक देवी आहे, तिला तर दिवे इतके लागतात, की..." तो हसला. "मी शालिग्राम. जिल्हा परिषदेत ओव्हरसिअर. बांधकाम खातं."

"मग इकडं कुठं?"

"ही कोठी मोजायला." त्यानं हातानं भिंत चाचपली, मायेनं, जनावराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. "गावात हायस्कूल मंजूर झालंय. सरपंचांनी लिहून दिलंय, की दगड गावातच आहे. कोठी पाडली, की शाळेच्या भिंती उभ्या राहतील. किती दगड निघेल तेवढं मला सांगायचंय."

कोकिळाची बट पुन्हा गालावर आली. तिनं ती मागं सारली नाही.

सरपंच म्हणजे हिंमतराव. तिचे बाबा.

*

"तुले कोनं सांगतलं?" हिंमतरावांनी विचारलं. ओटीवर बसून ते सुपारी कातरत होते.

"ज्याला पाठवलंय त्यानंच. बाबा, शाळा मंजूर झाली ते सांगितलंत. दगड कोठीचा घेणार ते नाही सांगितलं."

"सांगतलं असतं तं तू भांडली असती. आता बी भांडूनच राह्यली ना." अडकित्ता थांबला. "हे पाह्य कोकिळे. तुले अमरावतीले मामा होता म्हनून तू शिकली. रुख्मिणीले कोन होतं?"

कोकिळानं सांडलेली सुपारी गोळा केली. रुख्मिणी तिच्या वर्गातली. गणितात कोकिळाच्या पुढं. पण सातवीनंतर मेहकर गाठायचं तर राहायची सोय हवी. ती झाली नाही, आणि रुख्मिणीचं लग्न झालं, तेही गावातल्या गावात. आता तिची नणंद सातवी होऊन घरी बसली होती.

"मेलेल्या शिपायांची कोठी ठेवू, का जित्या पोरींची शाळा बांधू?" हिंमतराव म्हणाले. "तूच सांग. तू तं शिकेल हाय."

तिला सांगता येईना. शाळा तिलाही हवी होती. खरं तर तिथं विज्ञान शिकवायचं स्वप्न ती कुणाला न सांगता पाहत होती. आणि कोठी का हवी, हे तिचं तिलाच धड माहीत नव्हतं. एक प्रश्न तिथं शिल्लक होता, एवढंच. प्रश्न शिल्लक आहे म्हणून पोरींना थांबा म्हणायचं, हे तिला बापासमोर बोलवेना.

*

शालिग्राम दोन दिवसांनी पुन्हा आला. घड्याळ, बूट, चष्मा न सांगता कोनाड्यात गेले. मग त्यानं पिशवीतून मोजपट्टी काढली आणि सोजराबाई झाडू आपटत म्हणाल्या, "ते काय हाय?"

"टेप, आजी. मापाची."

"कशाची?"

"...पोलादाची."

"ठेव मंग जोड्यायपाशी."

कोकिळानं विहिरीचा जुना सुती दोर आणला होता. हात-हात अंतरावर गाठी मारलेला. एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. त्याला गाठी नीट दिसत नव्हत्या, म्हणून मोजायचं काम तिच्याकडं आलं. तो भिंतीच्या कडेकडेनं सरकायचा, दोर ताणायचा, "झालं?" म्हणायचा, ती "अजून थोडं... थांबा... झालं" म्हणायची. दोर ताणला, की त्याच्या हाताचा किंचित हिसका तिच्या बोटांपर्यंत यायचा. हे तिनं एकदा नोंदलं. मग ते नोंदायचं बंद करायला हवं, असंही नोंदलं.

"भिंत किती जाड आहे बघा," तो म्हणाला. "आणि वर छत कसं, हलकं. एवढ्या भिंती बांधणाऱ्यानं छतात काटकसर का केली असेल?"

"तुम्ही सांगा. इंजिनिअर तुम्ही."

"ओव्हरसिअर. इंजिनिअर मला सही करायला लावतात." तो भिंतीतल्या एका उभ्या फटीपाशी थांबला. "आणि हे? हवेसाठी ठेवलंय, पण बाहेरचा उजेड दिसत नाही."

"बाहेरून तिथं फट आहेच. मी पाहिलीय. फक्त समोरासमोर नाही, हातभर बाजूला."

"म्हणजे भिंतीच्या पोटात वळवलीय." तो फटीला गाल लावून उभा राहिला. "वारा येतोय. कोकिळाबाई, हे फार कष्टाचं काम आहे. दगडाच्या पोटात वळण काढायचं म्हणजे एकेक चिरा वेगळा घडवायचा. सरळ भोक पाडलं असतं तर?"

"सरळ भोकातून काय आलं असतं, जे वळणातून येत नाही?" कोकिळा म्हणाली.

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. म्हणजे ती पाहत राहिली; तो तिच्या दिशेनं पाहत होता.

"वाळू," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर जा. बाहेरच्या फटीतून मूठभर बारीक वाळू जोरात फेका. मी इथं हात धरते."

"आन् म्या काय करू?" सोजराबाईंनी विचारलं.

"तुम्ही बसा आजी."

"बसलीच हाय म्या. तुमचं दोघायचं पाहून राह्यली." आणि त्या स्वतःशीच खुदकन हसल्या, मग घागर उचलून विहिरीवर गेल्या.

बाहेर त्याची पावलं भिंतीला वळसा घालून गेली. मग अचानक, अगदी कानाशी बोलावं तसा आवाज आला, "आलात का फटीपाशी?"

कोकिळा दचकली. भिंतीतून आवाज वळत-वळत येत होता, स्पष्ट, थोडा खोल. माणूस कुठंच दिसत नव्हता.

"आले. फेका."

सळसळ झाली. तळव्याला वाऱ्याची झुळूक लागली. वाळूचा एक कण नाही.

"काय आलं?"

"वारा."

"वाळू?"

"नाही. पुन्हा फेका. जोरात."

सळसळ. झुळूक. हात कोरडा, स्वच्छ.

"काऊन नाही येऊन राह्यली?" तो म्हणाला. दिसत नसताना तो आपल्या घरच्या बोलीत आला होता. त्याला ते कळलंही नसावं.

"वाळू सरळ जाते. वळणावर भिंतीला आपटून पडते," तीही मग तशीच बोलली, "वारा वळते."

"आन् आवाज?"

"आवाज बी वळते."

पलीकडं शांतता. इतकी, की त्याचा श्वास तिला ऐकू आला. मग तो म्हणाला, हलकेच, "कोकिळा."

बाई नाही. नुसतं कोकिळा.

तिनं फटीवर तळहात ठेवला... मग काढला. "काय?"

"काही नाही. आवाज वळतो का ते पाहिलं."

कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पदार्थविज्ञानात याचं उत्तर होतं, पण ते तिला आत्ता आठवायचं नव्हतं. तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "लहान असतं, हलकं असतं, सरळ उडत येतं आणि आत येऊन चालत नाही. वाळूसारखं. पण वाळूची भीती कोण बाळगेल?"

"खिळ्याचे बूट चालत नाहीत," भिंत म्हणाली.

"दिवा चालत नाही."

"लोखंड दगडावर घासलं, की काय निघते?"

"ठिणगी," कोकिळा म्हणाली, आणि त्याच क्षणी भिंतीतूनही तोच शब्द आला.

तो धावतच आत आला. तिच्या अगदी जवळ येऊन थांबला, कारण लांबून त्याला तिचा चेहरा वाचता येत नव्हता. "दारूकोठार," तो म्हणाला. "तोफांची दारू ठेवायची कोठी आहे ही. म्हणून भिंती जाड आणि छत हलकं. भडका उडालाच तर वर जावा, आजूबाजूला जाऊ नये. म्हणून गावापासून लांब. म्हणून दाराबाहेरच कोनाडे... हत्यारं, जोडे, सगळं तिथं उतरवायला."

"दारू गेली," कोकिळा सावकाश म्हणाली, "फौज गेली, राज्यं गेली. कशासाठी ते सगळे विसरले. पण नियम नाही मोडला कुणी. एवढी वर्षं. सोजराबाई अजून माझ्या केसातली पिन काढायला लावतात."

त्या दिवशी त्या दोघांइतकं आनंदी माणूस मेहकर तालुक्यात नसावं.

तो आनंद घरी पोचेपर्यंत टिकला. उंबऱ्यात तिला कळलं, की बाबांनी श्रमदानाचा दिवस ठरवलाय. गावकऱ्यांनी आपापल्या कुदळी, सब्बली घेऊन यायचं आणि कोठी उतरवायला लागायचं.

*

अख्खं गाव आलं. पुरुष, बाया, पोरीसुद्धा. गावाच्या शाळेचं काम होतं, मागं कोण राहणार. शालिग्रामही सकाळच्या गाडीनं आला; मधल्या पंधरवड्यात मोजणीसाठी म्हणून तो चार-पाचदा येऊन गेला होता. हिंमतरावांनी आवाराच्या तोंडाशी नारळ फोडला आणि "चला" म्हणून सगळ्यांना आत पाठवलं. स्वतः मागं थांबून ते पाण्याच्या पिंपांची सोय पाहू लागले.

बराच वेळ झाला तरी ठोका ऐकू येईना. ते आत गेले. गावातले तीस-चाळीस गडी कोठीच्या गारव्यात भिंतींना टेकून निवांत बसले होते.

"काऊन बसले बे सगळे?"

"काय करता मंग, पाटील?" एक जण म्हणाला.

"कुदळी कुठं हायत?"

"बाहीर ठेवल्या ना जी. कोनाड्यात."

"अन् दगड काय फुंकून काढनार?"

"हातानं पाह्यले जी हालवून. नाही हालत."

कोणी चेष्टा करत नव्हतं. शाळा सगळ्यांना हवी होती, दगड काढायला सगळे तयार होते. लोखंड तेवढं आत न्यायचं नव्हतं. एकानं बाभळीची पाचर घडवून पाहू असं सुचवलं. त्यावर बरीच चर्चा झाली.

हिंमतरावांचा चेहरा लाल झाला. "काही होत नाही. देवी नाही खात तुमाले."

"मंग तुमी न्या ना पाटील पहिली कुदळ," मागून कुणीतरी म्हणालं. हिंमतरावांनी कोनाड्याकडं पाहिलं, कुदळीकडं पाहिलं आणि पंच्यानं मान पुसली.

कोकिळा आवारात रुख्मिणीजवळ उभी होती. शालिग्राम हळूच तिच्या दुसऱ्या बाजूला आला. चष्मा डोळ्यांवर होता. आवारात तो चालत असे.

"तुम्ही काही बोलू नका," तो पुटपुटला. "आज कुणी कुदळ उचलत नाही. उद्याही नाही उचलणार. मी वर लिहितो, गावाचा विरोध आहे म्हणून. आणि वाटलं तर... दगड ठिसूळ आहे असंही लिहितो."

"दगड ठिसूळ आहे?"

"नाही."

"मग?"

"तुमच्यासाठी लिहितो."

इतक्या हळू आवाजात इतकं मोठं काही तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते ऐकून तिला राग आला, याचंच तिला नवल वाटलं.

"माझ्यासाठी खोटं लिहाल," ती म्हणाली, "मग कधी माझ्याशी खरं बोललात तर मी ते ओळखायचं कसं?"

त्याचं तोंड उतरलं. ती मात्र त्याच्याकडं पाहत नव्हती. बसलेल्या लोकांकडं पाहत होती. त्यांच्या भीतीच्या आड कोठी सुखरूप होती. भीतीचं कारण सबंध गावात दोघांनाच माहीत होतं. गप्प बसणं किती सोपं होतं... आणि रुख्मिणी शेजारी कुदळ घेऊन उभी होती.

कोकिळा ओट्यावर चढली.

"ऐका," ती म्हणाली. "लोखंड आत नेलं तर काही होणार नाही. कोठीमाय कोपणार नाही. मी शोधून काढलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. ठिणगी, दारू, वळणाची फट, वाळू. तिनं काहीच गाळलं नाही. हेही सांगितलं, की आत आता चिमूटभरसुद्धा दारू नाही, म्हणून नियमाचं काम संपलं आहे. प्रत्येक वाक्यासरशी ती कोठीचा एकेक चिरा काढत होती.

ती थांबली. हिंमतराव म्हणाले, "आयकलं ना सगळ्यायनं? माह्या लेकीनंच सांगतलं. चला, घ्या कुदळी."

दोघं-तिघं उठले. कोनाड्यापर्यंत गेले.

"थांबा बाप्पा," सोजराबाई म्हणाल्या. "कोकिळे, म्हंजे हे देवीचं नाही? मानसाचं हाय?"

"हो, आजी."

"कोन्या मानसायचं?"

"जे इथं कामाला होते त्यांचं. एकाच्या बुटाचा खिळा घासला असता तर सगळे गेले असते. म्हणून एकमेकांना सांभाळायला त्यांनी ते पाळलं. मग मुलांना सांगितलं. आपल्याच गावातली माणसं असतील."

"माह्या सासऱ्याचा आजा इथं पाहाऱ्यावर होता म्हनत." म्हातारीनं हातातला झाडू खाली ठेवला. "देवीचं असतं तं बरं झालं असतं. नारळ फोडला असता, नाक घासलं असतं, माय मानली असती. पन हे तं घरच्यायचं निघालं. मेल्या मानसाची समजूत कशी काढू म्या?"

कोनाड्यापाशी गेलेले गडी तिथंच उभे राहिले. एकानं उचललेली सब्बल परत ठेवली, आवाज न करता.

हिंमतरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती शालिग्रामवर आणून थांबवली. "ओव्हरसिअर, तुमी सांगा. तुमचं काम हाय ते. दगड चांगला हाय का खराब?"

शालिग्रामनं कोकिळाकडं पाहिलं. या वेळी चष्म्यातून, नीट.

"चांगला आहे," तो म्हणाला. "असा दगड जिल्ह्यात मी दुसरीकडं पाहिला नाही. शाळा शंभर वर्षं टिकेल."

कोठी गेली, कोकिळाला वाटलं. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, तिला तो इतका आवडला, की तिनं ओट्याची कड घट्ट धरली.

"पण पाटील," तो पुढं म्हणाला, "मी फक्त दगड मोजून देऊ शकतो. त्या फटीतलं वळण उतरवून शाळेत लावता येणार नाही. ते काढलं, की नुसते तिरपे दगड उरतील, आणि ते तसे का घडवले हे कुणालाच सांगता यायचं नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला काळा दगड आहे. मी चालत जाऊन पाहिलाय. फोडून काढावा लागेल, घडवावा लागेल. शाळा होईल. पण एक वर्ष उशिरा."

"एक साल," हिंमतराव म्हणाले. "आन् पोरी?"

रुख्मिणीनं कुदळ जमिनीवर टेकवली.

"कोकिळे," ती म्हणाली, "माही नणंद एक साल घरी बसली तं पुढच्या साली ती या गावात नसन. तिचं लगन झालेलं असन. हे तुले माहीत हाय ना?"

"माहीत आहे."

"मंग तवरोक तू शिकवशीन का तिले? इथंच, आवारात? रोज?"

"शिकवीन. जितक्या येतील तितक्यांना. आठवीचं सगळं."

"गणित बी?"

"गणिताला तू ये माझ्या मदतीला."

रुख्मिणीनं पदर कमरेला खोचला, कुदळ खांद्यावर टाकली आणि पुरुषांच्या घोळक्याला म्हणाली, "उठा ना मंग. नाला काय इकडं चालत येनार हाय?"

हिंमतराव कोनाड्याशी गेले, स्वतःची कुदळ घेतली आणि रुख्मिणीमागून चालू लागले.

*

दुपारी नाल्यावरून परतताना दोघं मागं पडली. पळस फुलला होता आणि वाटेवर त्याचा लाल सडा होता. शालिग्रामच्या हातात काळ्या दगडाची एक कपची होती. ती तो उगाच या हातातून त्या हातात करत होता.

"मला खरं बोलायची सवय लावलीत," तो म्हणाला. "तर एक सांगून टाकतो. कोठीचं माप पहिल्या दोराच्या दिवशीच झालं होतं."

"पण त्यानंतर तुम्ही कितीदा आलात..."

"हो."

"जिल्हा परिषदेच्या भाड्यानं?"

"माझ्या. तेवढं प्रामाणिक होतो."

कोकिळा मान खाली घालून चालत राहिली. पळसाची फुलं चुकवून पावलं टाकायला बरंच लक्ष द्यावं लागत होतं.

"मले तुमच्यासंग राह्यचं हाय," तो म्हणाला, आणि थांबला. "आता हे नीट भाषेत कसं म्हणतात ते..."

"नीटच आहे."

"माझे वडील येतील उंद्रीहून. पाटलांशी बोलतील. तुमची... म्हणजे तुमचं काय..."

"माझं मी सांगते बाबांना."

"तुम्ही? स्वतः?"

"सगळ्या गावासमोर बोलले मी आज. घरात नाही बोलता यायचं का?" असं ती म्हणाली खरी, पण घर जवळ येऊ लागलं तसं तिच्या लक्षात आलं, की गावासमोर बोलणं पुष्कळ सोपं होतं. "तुम्ही गाडीवर जा. चारची चुकेल."

बाबा हात-पाय धुऊन ओटीवर बसले होते. दमले होते. कोकिळानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"आखीन काय राह्यलं सांगाचं?" हिंमतराव म्हणाले.

"ते ओव्हरसिअर... उंद्रीचे. मला पसंत आहेत."

हिंमतरावांनी तांब्या उचलला, पाणी प्याले, तांब्या ठेवला. मिशा पुसल्या. आतल्या दाराशी आईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"त्याले?"

"त्यांनाही."

"मले वाटलंच. इतकं मोजाले कोठी का विजापूरचा घुमट हाय?" त्यांनी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग होता का दुसरं काही, तिला ठरवता येईना. "नाल्याचा दगड दाखवून भर गावात मले खाली पाह्यले लावलं त्यानं. दगड खराब हाय म्हनला असता तं सुटला असता. म्या बी त्याले म्हनूनच इचारलं होतं. पाह्यचं होतं मले." पुन्हा एक घोट. "नाही म्हनला. खरं बोलला."

"मग?"

"मंग काय? गेला का तो?"

कोकिळा उत्तर द्यायला थांबली नाही.

गाडी पिंपळाखाली उभी होती, घुर्र-घुर्र करत. कंडक्टर दाराशी दोरी धरून होता. शालिग्राम खिडकीशी, मांडीवर पिशवी. पळत येणारी ती दिसली तसा तो अर्धवट उठला.

तिला धाप लागली होती. गाडीतली सगळी माणसं, भाजीच्या टोपल्यांवरून, पोरांच्या डोक्यांवरून तिच्याकडं पाहत होती. तिला ते सगळं दिसत होतं आणि काही वाटत नव्हतं.

"बाबा विचारून राह्यले," ती म्हणाली, "गेला का म्हनून."

"मग... तुम्ही काय सांगणार?"

"ते तुम्ही सांगा ना. चाला घरी."

तो तसाच, ना उभा ना बसलेला. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं मांडीवरची टोपली उचलून त्याच्यासाठी वाट करून दिली. कंडक्टरनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"साहेब," तो म्हणाला, "बसता का उतरता? मेहकरचं तिकीट हाय तुमचं, वापस नाही होनार."

"राहू द्या," शालिग्राम म्हणाला, आणि उतरला.